ही दोरी खंय जाता?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गणेशोत्सवाच्या पहिल्या बैठकीत आपल्या मंडळाने ठरवले की यंदाचा देखावा ‘छत्रपतींचे आरमार’ हा करायचा. ठराव एकमताने झाला आणि मग नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबल्या. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, राज्य शासनात उपयंत्री. ज्याला नकाशा वाचता येतो त्याला काहीही बांधता येते, असा आपल्याकडे एक समज आहे. मीही नाही म्हटले नाही.

पंधरा दिवसांत प्लायवूड आणि थर्मोकोलचे सहा फुटी जहाज तयार झाले. तीन उंच डोलकाठ्या, त्यांवर एकावर एक चौकोनी पांढरी शिडे, दोन्ही बाजूंना दोरांच्या शिड्या, कठड्यातून डोकावणाऱ्या तोफा आणि सर्वांत वर भगवा. चित्र मोबाईलवर शोधून काढले होते. समोर गणराय, मागे निळा पडदा. लोकांनी खूप फोटो काढले. शिवाजी नगरात राहून महाराजांचे आरमार उभे केले, म्हणून माझी पाठही थोपटली गेली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला आमच्या लाइनीतल्या काकू आल्या. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी. मूळच्या मालवणच्या. त्यांचे वडील मालवण ते मुंबई मालाची ने-आण करणाऱ्या शिडाच्या गलबतावर तांडेल होते. लग्न होऊन, यजमानांच्या नोकरीमुळे भोपाळला आल्या त्याला साठ वर्षे होत आली होती. आमच्याशी त्या भोपाळी मराठीच बोलत, अर्धी हिंदीत भिजलेली. त्या दिवशी मात्र जहाजासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, मग काठीचे टोक मधल्या डोलकाठीवरून खाली येणाऱ्या एका दोरीला लावून म्हणाल्या, “ही दोरी खंय जाता रे?”

मी म्हटले, “काकू, ती शोभेची आहे. कठड्याला चिकटवली आहे.”

काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, “गलबतार शोभेची दोरी नसता रे, बाळा. एक सुटली तर शीड जाता, नायतर माणूस जाता.”

आरती सुरू झाली आणि विषय तिथेच थांबला. पण रात्री मंडप झाकताना मी ती दोरी पुन्हा पाहिली. खरोखर ती कुठेच जात नव्हती. मग एकेक करून सगळ्याच पाहिल्या. एकही कुठे जात नव्हती. घरी येऊन दोन-तीन पुस्तके काढली, आणि मध्यरात्रीच्या सुमारास लक्षात आले की चूक फक्त दोऱ्यांची नाही. आम्ही बांधलेले जहाज मराठ्यांचे नव्हतेच. ते अठराव्या शतकातले इंग्रजी युद्धजहाज होते. ज्या जहाजांशी कान्होजी आंग्रे आयुष्यभर लढले, त्याच जातीचे एक जहाज आम्ही भगवा लावून गणपतीसमोर उभे केले होते, आणि तीन दिवसांत शेकडो मराठी माणसांपैकी कुणालाही, मलाही, ते खटकले नव्हते. खटकले ते फक्त तांडेलाच्या मुलीला.

किल्ले पाठ, जहाजे अनोळखी

असे का व्हावे? आपल्या घरातल्या शाळकरी मुलालाही दहा किल्ल्यांची नावे येतात. बुरूज, माची, बालेकिल्ला, चोरदरवाजा हे शब्द भोपाळमध्ये जन्मलेल्या मुलांनाही ठाऊक असतात, कारण किल्ले अजून उभे आहेत. सुट्टीत जाऊन त्यांच्या दगडांना हात लावता येतो. आरमाराचे तसे नाही. लाकूड, दोर आणि कापड यांपासून बनलेली वस्तू तीनशे वर्षे टिकत नाही. शिवकाळातले किंवा आंग्र्यांचे एकही जहाज आज शिल्लक नाही.

इंग्रजांकडे पाहा. नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ हे जहाज पोर्ट्समथला आजही जपून ठेवले आहे, आणि त्याच्या दोरखंडांची एकूण लांबी सव्वीस मैल भरते, असे सांगतात. तिकडच्या हौशी माणसाला त्याची प्रतिकृती करायची झाली तर कोणता दोर कुठून कुठे जातो याचे छापील नकाशे मिळतात. आणखी एक उदाहरण तर आपल्याच मातीतले आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. त्यानंतर साडेतीन आठवड्यांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचा शेवट सुरू झाला. पेशवाई गेली, ते जहाज मात्र इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभे आहे. म्हणजे आपले सागवान टिकले, आपले कारागीर टिकाऊ काम करत होते. फक्त जहाज दुसऱ्याचे होते.

मग मराठ्यांची जहाजे कळायची कशी? तीन वाटा आहेत. एक, आपल्याकडची कागदपत्रे. दुसरी, शत्रूने लिहून ठेवलेली वर्णने आणि काढलेली चित्रे. तिसरी, कोकण किनाऱ्यावर कालपरवापर्यंत चालणारी शिडाची गलबते आणि ती चालवणारी माणसे. पहिल्या दोन वाटा ग्रंथालयातून जातात. तिसरी आमच्या लाइनीत चार दारे सोडून राहत होती.

गुराब आणि गलबत

१६५७ च्या अखेरीस कल्याण-भिवंडी महाराजांच्या ताब्यात आली आणि स्वराज्य खाडीच्या काठाला लागले. लगेच जहाजबांधणी सुरू झाली. पोर्तुगिजांच्या कागदांत १६५९ साली रुई लैतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा फेर्नांव हे महाराजांच्या जहाजांच्या कामावर असल्याचा उल्लेख आहे. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फूस लावून तेथून काढून नेले, पण काम थांबले नाही. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः समुद्रमार्गे बसरूरच्या स्वारीवर गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर ८५ लहान लढाऊ जहाजे आणि ३ मोठी जहाजे होती, अशी नोंद इंग्रजांनी केली आहे. पहिल्या जहाजापासून इथवर यायला आठ वर्षेही लागली नाहीत.

या आरमाराचा कणा म्हणजे गुराब आणि गलबत. ‘गुराब’ हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ कावळा. इंग्रजांचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने १७६३ साली छापलेल्या ग्रंथात आंग्र्यांच्या जहाजांचे वर्णन इतक्या बारकाईने केले आहे की त्यावरून सुताराला काम सांगता येईल. त्याचा सारांश असा. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. दोन काठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन काठ्यांची तीनशे टनांच्या आसपास. लांबीच्या मानाने रुंदी बरीच, आणि पाण्यात बुडणारा भाग अगदी कमी. पुढची नाळ इंग्रजी जहाजासारखी फुगीर नव्हे, तर निमुळती होत चोचीसारखी लांब पुढे आलेली. त्या चोचीवरच्या फळ्यांना कठडा नाही. समोरून लाट आली की पाणी वरून सरळ वाहून जावे, एवढ्यासाठी. चोचीच्या मागे एक आडवी भिंत, त्या भिंतीला दोन भोके, आणि त्यांतून नेमक्या पुढच्या दिशेने रोखलेल्या दोन मोठ्या तोफा.

गलबत म्हणजे याच बांधणीची धाकटी बहीण. मोठ्यांत मोठे सत्तर टनांचे. चाळीस-पन्नास वल्ही. दोन काठ्या, पैकी मागची अगदी बारीक. पुढच्या मोठ्या काठीवर एकच शीड, पण ते त्रिकोणी आणि प्रचंड. उभारले की त्याचे वरचे टोक डोलकाठीच्याही वर जाई. लहान गलबतांवर वजन वाचवण्यासाठी चिरलेल्या बांबूंची तक्तपोशी असे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार थोर नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात, असे त्यात सांगितले आहे. वाऱ्याशिवाय हलू न शकणारे अवजड जहाज त्यांना नको होते. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा, ही रचनाही त्यात आहे. त्याच प्रकरणात लाकडाविषयी जे आहे ते मला फार मोलाचे वाटते. सागवानासारखे लाकूड लागेल ते परवानगीने तोडावे. पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झाड घ्यायचेच झाले तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. २०२४ च्या उन्हाळ्यात आपल्या शिवाजी नगर-तुलसी नगर भागातली झाडे वाचवण्यासाठी लोक रस्त्यावर उतरले आणि बांधकामाची योजना मागे घेतली गेली, तेव्हा मला हे प्रकरण आठवले होते. आपल्या वसाहतीला नाव साजेसे आहे, एवढेच म्हणतो.

पदर, काठी आणि वारा

हे सगळे वाचल्यावर ठरवले की पुढच्या वर्षी खरी गुराब करायची. जहाजाचा सांगाडा ऑर्मच्या वर्णनावरून कागदावर उतरला. अडले ते दोरांपाशी. ऑर्मने शीड त्रिकोणी म्हटले, पण ते वर कसे जाते, खाली कसे येते, कोण कुठला दोर धरतो हे त्याने लिहिलेले नाही. त्याला जहाजे बाहेरून दिसली होती.

मी कागद घेऊन काकूंकडे गेलो. काकूंनी कागद बाजूला ठेवला. आपली काठी उभी धरायला मला सांगितली, सुनेची ओढणी मागवली, आणि केर काढायच्या लांब दांड्याला ती ओढणी एका बाजूने बांधली. तो दांडा काठीच्या टोकाशी तिरपा लावून म्हणाल्या, “हां. ही डोलकाठी, ही परबाण, ह्यां शीड.”

परबाण म्हणजे शीड ज्या लांब काठीला बांधतात ती. आपण समजतो की शीड डोलकाठीला बांधलेले असते. तसे नाही. डोलकाठी फक्त खांद्यासारखी. शीड असते परबाणीवर. परबाण तिरपी टांगलेली असल्याने तिचे मागचे टोक डोलकाठीच्या वर जाते. ऑर्मला दिसलेले उंच टोक ते हेच.

मग दोर. पहिला दोर परबाण वर ओढण्याचा. तो डोलकाठीच्या माथ्यावरच्या कप्पीतून मागे उतरतो आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला आवळून बांधतात. त्यामुळे एकाच दोराची दोन कामे होतात: शीड वर धरायचे आणि डोलकाठीला मागून आधार द्यायचा. म्हणूनच या गलबतांवर इंग्रजी जहाजांसारखे दोरांचे जाळे दिसत नाही. दुसरा दोर दामण. शिडाचा मोकळा कोपरा या दोराने मागे धरलेला असतो. दामण ओढली की शीड ताठ होते, सैल सोडली की वारा निसटतो. वाऱ्याशी सगळी बोलाचाली या एका दोराने चालते. तिसरा दोर परबाणीचे पुढचे, खालचे टोक नाळेशी आवळून धरणारा. दिशा बदलायची वेळ आली की दामण सोडायची, परबाण जवळजवळ उभी करायची आणि शिडासकट डोलकाठीच्या पुढून फिरवून दुसऱ्या बाजूला न्यायची. भर वाऱ्यात हे करताना माणसे समुद्रात पडत. काकू म्हणाल्या, “नायतर माणूस जाता,” ते याबद्दल होते.

दोर काथ्याचे. काथ्या खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही आणि पाण्यावर तरंगतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ का देतात, याचे माझ्यापुरते एक नवे उत्तर मिळाले. ज्याच्या सालीवर जहाज बांधलेले, त्याचे फळ त्याला.

त्रिकोणी शिडाचा फायदाही ओढणीने समजला. चौकोनी शीड वारा पाठीशी असेल तर उत्तम. खुल्या समुद्रात हजारो मैल जायला तेच बरे. त्रिकोणी शीड मात्र वारा बाजूने किंवा थोडा समोरून असला तरी जहाजाला पुढे नेते. कोकण किनाऱ्याला याची गरज. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे गलबताला खाडीतून बाहेर काढतात, दुपारनंतर समुद्राकडून येणारे खारे वारे परत आणतात. हे रोजचे वेळापत्रक ज्याच्या हाडात भिनले आहे त्याला शत्रूचे जहाज कधी गाठायचे आणि कधी खाडीत गुडूप व्हायचे, हे वेगळे शिकवावे लागत नाही. मोठ्या गुराबांवर पुढे चौकोनी शिडेही आली. जुन्या इंग्रजी चित्रांत तशा गुराबा दिसतात. पण अंगाने त्या किनाऱ्याच्याच राहिल्या.

नेम डोलकाठीवर

दोर समजले आणि मग लढाया नव्याने कळल्या.

१६७९ च्या पावसाळ्यात मायनाक भंडारी यांनी थळसमोरच्या खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला इंग्रजांना नको होता. त्यांनी जहाजांचा वेढा घातला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाने सुमारे साठ होड्या-गलबतांनिशी हल्ला केला. इंग्रजांची ‘डव्ह’ नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. ‘रिव्हेंज’ हे मोठे जहाज मात्र एकटे तोफा चालवत टिकले आणि त्याने मराठ्यांना मागे रेटले. म्हणजे समोरासमोर तोफांची लढाई झाली तर मोठे जहाज भारी, हे खरेच. पण वारा पडला की ते जहाज जागच्या जागी उभे, आणि मराठ्यांच्या होड्या वल्ही मारत रात्रीतून दगड-चुना-धान्य बेटावर पोचवत राहिल्या. शेवटी इंग्रजांनीच माघार घेतली आणि खांदेरी उभा राहिला.

कान्होजी आंग्र्यांनी याच धड्याची पद्धत केली. ऑर्मने सांगितल्याप्रमाणे आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते बंदरात दबा धरून असत. सावज दिसले की नांगराचे दोर सोडून बाहेर पडत. वारा असेल तर शिडावर. वारा नसेल तर गलबते वल्ही मारत आणि आपल्या मागे दोराने गुराबा ओढून नेत. शत्रूच्या बाजूच्या तोफांसमोर जायचेच नाही. त्याच्या पिछाडीला जायचे, जिथे तोफा कमी. तिथून गुराबांच्या नाळेवरच्या दोन-दोन तोफा सुरू. आणि पहिला नेम कशावर? माणसांवर नाही, अंगावर नाही, डोलकाठ्यांवर. तीनही डोलकाठ्या एका रेषेत दिसल्या की मारा करायचा, म्हणजे एक गोळा चुकला तरी दुसऱ्या काठीला लागेल. काठी मोडली, दोर तुटले की कितीही तोफांचे जहाज लाकडाचा ओंडका होते. मग गलबतांवरची माणसे तलवारी घेऊन चारही बाजूंनी चढत.

म्हणजे ज्या माणसांना एकेका दोराची किंमत ठाऊक होती, त्यांनीच शत्रूच्या दोरांवर नेम धरला. १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर, १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गावर आणि १७२१ मध्ये पोर्तुगिजांना सोबत घेऊन कुलाब्यावर, असे इंग्रजांचे चारही हल्ले फसले. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले, तोपर्यंत त्यांना समुद्रावर कुणीही हरवू शकले नव्हते.

सुटलेला दोर

आता जे सांगायचे ते सणाच्या अंकात सांगावे की नाही, असा विचार मनात आला होता. पण देखाव्यात जे दाखवतो त्याचा शेवटही माहीत असावा.

आपल्या भोपाळचे नाव मराठ्यांच्या इतिहासात मोठ्या मानाने येते. डिसेंबर १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांनी निजामाला इथेच कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये सीहोरजवळच्या दोराहा येथे त्याला तह करावा लागला. त्याच काळात चिमाजी अप्पा कोकणात पोर्तुगिजांशी झुंजत होते. मे १७३९ मध्ये वसई घेतली. भोपाळचे मैदान आणि वसईची खाडी एकाच वेळी सांभाळणारी ती पिढी होती. नंतर मात्र दोन्ही टोके सुटत गेली. आंग्र्यांच्या घरात भावाभावांत वाटण्या झाल्या. विजयदुर्गाचे तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचे वैर विकोपाला गेले. १७५५ मध्ये पेशव्यांनी तुळाजींविरुद्ध इंग्रजांशी करार केला. एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग पडला. पुढच्या वर्षी ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. जमिनीवरून पेशव्यांची फौज होती.

१२ फेब्रुवारी १७५६ रोजी इंग्रजांचा एक पेटता गोळा खाडीतल्या ‘रेस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज तुळाजींनीच काही वर्षांपूर्वी इंग्रजांकडून पकडले होते. आग एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली. शिडे, डांबर लावलेले दोर, सुके सागवान. पेटायला काय उशीर? काही तासांत आंग्र्यांचे जवळजवळ सगळे आरमार जळून गेले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. वर्षभरानंतर हाच वॉटसन आणि हाच क्लाइव्ह बंगालमध्ये काय करत होते, ते आपण सर्व जाणतो.

पुढे विजयदुर्गाला पेशव्यांचे आरमार धुळपांच्या हाताखाली होते आणि आनंदराव धुळपांनी १७८३ मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ पकडून दाखवले, हेही सांगितले पाहिजे. पण तो जुना दरारा परत आला नाही. गुराबेला वारा नसताना गलबत ओढून नेत असे. दोघांमधला तो दोर सुटला की गुराब फक्त एक उभे लक्ष्य असते. १७५६ मध्ये तसेच झाले, असे मला वाटते.

आमची गुराब

दुसऱ्या वर्षी आम्ही एक गुराब आणि दोन गलबते केली. अर्धा इंच म्हणजे एक फूट, हे प्रमाण धरले. सांगाड्याला जुन्या खिडक्यांच्या चौकटींचे सागवान मिळाले. या वेळी गोंद कमी आणि गाठी जास्त लागल्या. काथ्याचा सुंभ या मापाला फार जाड होतो, म्हणून सुती दोरा चहाच्या पाण्यात उकळून, मेण लावून वापरला. कप्प्यांच्या जागी लाकडी मणी. आतले दोर आधी, बाहेरचे नंतर, हे एकदा चुकून शिकलो. उलटे केले तर आत बोट जात नाही आणि सगळे सोडावे लागते. एक दोर ताणला की समोरचा सैल पडतो, तो ताणला की डोलकाठी वाकते. श्रावणातल्या झडीत तर दमट हवेने दोरे आखडून डोलकाठी एका रात्रीत तिरकी झाली. वसाहतीतली पाच-सहा मुले रोज संध्याकाळी यायची. प्रत्येक दोर बांधून झाला की बांधणाऱ्याने मोठ्याने सांगायचे, ही दोरी कुठून निघाली, कुठे गेली आणि काय करते. सांगता आले नाही तर गाठ सोडायची. हा नियम मुलांनीच केला.

गणपतीच्या आठ दिवस आधी एका रविवारी पहाटे एक गलबत घेऊन आम्ही बोट क्लबवर मोठ्या तलावाकाठी गेलो. काकूंना गाडीतून नेले, बाकावर बसवले. गलबत पाण्यात सोडले आणि ते लगेच आडवे झाले. मुले हिरमुसली. तळाशी पाव किलोची दोन वजने बांधली, पुन्हा सोडले. पुन्हा कलले, तिथेच थरथरत राहिले. काकू बाकावरून ओरडल्या, “दामण केदी ताणलंस? सोड जरा! वाऱ्याक वाट दी!” दामण दोन बोटे सैल केली. शीड हलकेच फुगले आणि ते अडीच फुटी गलबत भोपाळच्या तलावात सरळ निघाले. ज्या मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता ती काठाकाठाने त्याच्यामागे धावली. काकूंनी पदर डोळ्यांना लावला, मग म्हणाल्या, “बापूस आसतो तर हसलो आसतो. पण चलता हां.”

त्या वर्षी देखाव्यासमोर काकूंनी पुन्हा काठी उचलली. गुराबेच्या नाळेपासून दोन्ही गलबतांकडे गेलेल्या दोरांना टोक लावून विचारले, “आणि ही दोरी?” मुले एका सुरात ओरडली, “वारा नसला की ओढायची!”

गेल्या मार्गशीर्षात काकू गेल्या. मला एक चुटपुट लागून राहिली आहे. परबाण आणि दामण ही नावे मी वहीत लिहून घेतली होती. परबाणीचे पुढचे टोक आवळणाऱ्या तिसऱ्या दोराचेही नाव त्यांनी सांगितले होते. त्या दिवशी हातात वही नव्हती. पुढच्या खेपेला विचारू म्हटले आणि राहून गेले. मुलांनी दोर बरोबर बांधला आहे, काम अचूक करतो, पण त्याला आमच्याकडे नाव नाही.

नौदलाने अजिंठ्याच्या भिंतीवरच्या पाचव्या शतकातल्या एका चित्रावरून काथ्याने शिवलेले जहाज बांधले आणि मे २०२५ मध्ये कारवारला ‘कौंडिण्य’ या नावाने ते ताफ्यात घेतले. दीड हजार वर्षांनंतरही एका चित्रावरून आणि कारागिरांच्या हातांवरून जहाज परत उभे राहू शकते. मग जी माहिती कालपर्यंत आपल्या घराघरांत बसून भाजी निवडत होती, ती आपण का हरवावी?

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्यापैकी ज्यांचे मूळ मालवण, देवगड, रत्नागिरी, हर्णै, अलिबाग या बाजूचे आहे, त्यांनी यंदा गणपतीला आलेल्या वडीलधाऱ्यांना थोडे बोलते करावे. होडीचे, शिडाचे, दोरांचे, वाऱ्यांचे जे शब्द निघतील ते कागदावर लिहून मंडळाच्या पेटीत टाकावेत. मुले गुराबेच्या शेजारी त्यांचा तक्ता लावणार आहेत. त्यात तिसऱ्या दोराची जागा रिकामी ठेवली आहे.

गणपती बाप्पा मोरया!